पुढचेही आहेत

शेजारच्या खरातकाकांचं घर वीस दिवसांत अकरा खोल्यांनी लांबलं, आणि त्याला कारण मी आहे. समोरून ते होतं तसंच, दोन खणांचं दिसतं. मागच्या बाजूने मात्र ते परसातला शेवगा ओलांडून, कुंपण ओलांडून टेकडीच्या उतारावर चढलं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर पहिल्या दिवसापासून सांगावं लागेल, आणि पहिल्या दिवशी मी नुसता कंटाळा केला होता.

आमचं गाव गोल आहे. शून्यापासून एक हजार तेवीसपर्यंत आकडे गोलाकार लावलेले आहेत. घरं तीनशेच्या आसपास, मधले आकडे मोकळे. माझं घर ३७७. माझ्या आधीचं ३७४, तिथे सुलभाताई केंजळे राहतात. माझ्या पुढचं ३८१, ते खरातकाकांचं. त्यांच्या पुढे ३८८, तिथे मुलाणी नवराबायको.

इथे कुणाचीही जपायची वस्तू, मग तो कुणाचा आवाज असो की शीळ, त्याच्या स्वतःच्या घरी नसते. वस्तूचं नाव पितळी तांब्यात तोंड घालून उच्चारायचं, की तांब्या एक आकडा सांगतो. त्या आकड्याच्या घरी वस्तू द्यायची, आणि तिथे घर नसेल तर पुढच्या पहिल्या घरी. तांब्याला नातीगोती कळत नाहीत. भावाची शीळ २० ला गेली तर बहिणीची ९०० ला जाते. पूर्वी म्हणे एकाच कचेरीत साऱ्या गावाची नोंद असायची. तिथला कारकून एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही, आणि आपापल्या आयांचे आवाज कुठे ठेवलेत हे कुणालाच कळेना. तेव्हापासून सगळी नोंद कुणा एकाकडे नसते.

मग वस्तू सापडते ती दारामागच्या पाटीमुळे. पाटीवर दहा ओळी असतात. पहिल्या ओळीत लगतचं पुढचं घर, मग दोन आकडे पुढचं, मग चार, आठ, सोळा, असं करत शेवटची ओळ गावाच्या पार पलीकडची. शोधणारा दारात आला की पाटी बघायची आणि त्याच्या आकड्याच्या जास्तीत जास्त जवळ नेणारं घर सांगायचं. तिथले लोक त्यांची पाटी बघतात. दर दाराला उरलेली वाट निम्मी होते. दहा दारांपेक्षा जास्त कुणाला हिंडावं लागत नाही. अख्खं गाव कुणालाच पाठ नाही आणि तरी कुणी हरवत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. मी तर शाळेत मुलांना पाटी वाचायला शिकवतो.

हे सगळं एका सवयीवर उभं आहे. रोज सकाळी प्रत्येकाने पुढच्या दारावर टकटक करायची आणि विचारायचं, ‘आहात का?’ आतून ‘आहे’ आलं की आपल्या चौकटीवर खडूची रेघ मारायची. मग आपल्याला विचारायला मागच्या घरचं कुणी येतं. त्यांना म्हणायचं, ‘आहे, पुढचेही आहेत.’ आतून उत्तर आलं नाही तर तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही नाही आलं तर ते घर पाटीवरून पुसायचं आणि त्याच्या पुढच्या घराला कळवायचं की आता त्यांच्या वस्तू तुमच्याकडे. प्रत्येक वस्तूची सावली, म्हणजे तिची दुसरी प्रत, त्या पुढच्या घरी आधीपासून ठेवलेली असते, त्यामुळे काही बुडत नाही. फक्त वस्तू ठेवलेले डबे रोज उघडून वारं द्यावं लागतं. एकवीस दिवस वारं मिळालं नाही तर वस्तू विरते आणि तिची सावलीही विरते.

आणि कानांनी ऐकल्याशिवाय दुसऱ्याचं ‘आहे’ सांगायचं नाही. डोळ्यांनी दिसलेलंही चालत नाही. हा नियम मी मुलांकडून घोकून घेतो.

खरातकाकांना ‘आहे’ म्हणायला सात मिनिटं लागत. गुडघे धरलेले, त्यात चष्मा लावल्याशिवाय उत्तर देणं त्यांना असभ्य वाटे. टकटक केली की आधी खाटेची कुरकुर, मग चष्म्याच्या घराची चाचपणी, मग भिंतीला धरून येणारी पावलं. दाराशी पोचून घसा साफ करून ते म्हणत, ‘आहे हो, बोडस.’ एका सकाळी फार गारठा होता. काल होते, परवा होते, आज कुठे जाणार आहेत, असं मनाशी म्हणून मी रेघ मारली आणि चहा टाकला. सुलभाताई आल्या तेव्हा म्हणालो, ‘आहे, पुढचेही आहेत.’ काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी तर ते करताना मला काही वाटलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या दारासमोरून गेलो. उंबऱ्याशी दुधाच्या दोन पिशव्या पडल्या होत्या, फुगलेल्या. दार उघडं होतं.

तेव्हाच टकटक करायला हवी होती. हात वरही गेला होता. पण उत्तर आलं नसतं तर पुढे सुलभाताईंना सांगावं लागलं असतं, आणि त्यांनी सहज विचारलं असतं की काल होते ना? शाळेत सर म्हणवून घेणाऱ्या माणसाने त्यावर काय सांगायचं? मी पिशव्या उचलल्या, शेवग्याच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या आणि घरी येऊन रेघ मारली. दुधाचा आंबूस वास दिवसभर बोटांना येत राहिला. ती लाज पहिल्या तीन दिवसांच्या कंटाळ्याची नव्हती. ती पिशव्यांची होती, आणि ती झाकायला रोज एक नवी रेघ लागत होती.

पाचव्या दिवशी एक माणूस आला. त्याला त्याच्या बुजवलेल्या विहिरीचा आवाज हवा होता, आकडा ३७९. मी पाटी बघितली. पाटीवर खरातकाका होते, कारण मीच त्यांना पुसलं नव्हतं. पुढचं दार, मी म्हणालो. दार उघडं बघून तो आत गेला. बाहेर आला नाही. संध्याकाळी मी परसात गेलो तर काकांचं घर एका खोलीने लांब झालं होतं. नवी भिंत, तिला आतल्या खोलीसारखाच पोपटी रंग. मग एक बाई आली, तिला लग्नाआधीच्या तिच्या सहीचं वळण हवं होतं. पुढचं दार. घर पुन्हा एका खोलीने लांबलं. अशा अकरा जणांना मी अदबीने वाट दाखवली. एकदोघांना पाणीही दिलं.

विसाव्या दिवशी दुपारी हिराबाई हांडे आल्या. पन्नाशीच्या, हिरवं इरकली लुगडं, पायांत प्लॅस्टिकच्या चपला. त्या ९०२ वरून निघाल्या होत्या आणि माझं दार त्यांचं सहावं होतं. त्यांना त्यांच्या वडिलांचा खोकला हवा होता.

वडिलांची तऱ्हा होती, त्या सांगू लागल्या. कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी ते दारात दोनदा खोकायचे. स्वतःच्या घरातसुद्धा. आतल्या बायकांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. ते गेले तेव्हा भावांनी घड्याळ घेतलं, शेत घेतलं, हिराबाईंनी खोकला घेतला. तांब्याने ३८० सांगितलं. आता परवा त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि नवरदेव दारात यायच्या आधी तो खोकला दारात व्हायला हवा होता. नातीच्या लग्नात पहिला मी येईन, असं म्हाताऱ्याने कबूल केलं होतं.

"काका आहेत ना घरी?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हणालो.

त्या गेल्या. मी दार लावून घेतलं आणि परसात जाऊन बाराव्या भिंतीची वाट बघत उभा राहिलो. भिंत उगवली नाही. समोर येऊन पाहतो तर बाई माझ्या पायरीवर बसलेल्या.

दार उघडं आहे पण आतून कुणी ओ देत नाही, त्या म्हणाल्या. ओ दिल्याशिवाय मी कुणाच्या घरात जात नाही, बापाचं वळण आहे. काका झोपले असतील, मी म्हणालो. थांबते, त्या म्हणाल्या. तासाभराने त्या उठून पुन्हा टकटक करून आल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, मला आत बसवेना. मी चहा करून दिला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला आणि पिता पिता माझ्या चौकटीकडे बघत राहिल्या. तिथल्या शेवटच्या वीस रेघा होत्या एका उंचीच्या, एका जाडीच्या. रोज ऐकून मारलेली रेघ कधी तिरकी जाते, कधी खडू मोडतो. माझ्या वीसच्या वीस रेघा शाळेतल्या फळ्यावर आखल्यासारख्या होत्या.

त्यांनी बशी विसळून पालथी घातली आणि थेट ३८८ ला गेल्या. मुलाण्यांच्या बायकोने सावलीचा डबा काढून दाखवला. डबा उघडला तर आत दोनऐवजी एकच खोकला होता, तोही कोरडा. मूळ वस्तूला वारं मिळत नसेल तरच सावली अशी आटते. वीस दिवस तरी झाले असतील, मुलाणीण म्हणाली. काका गुडघ्यांमुळे विचारायला येत नसतील, म्हणून आम्ही दोघं रोज एकमेकांनाच विचारत होतो. उद्या सकाळनंतर डबा नुसता डबा राहील.

हिराबाई परत आल्या तेव्हा उन्हं कलली होती. माझी वाक्यं तयार होती. त्यांनी काही विचारलंच नाही.

"तुम्ही वीस दिवस विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आवाज चढवला असता, चार माणसं जमवली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी पायातल्या चपला काढून पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या, जणू आता इथे बराच वेळ बसायचं आहे.

"मग आता विचारा," त्या म्हणाल्या.

मी काकांच्या दारावर टकटक केली. आहात का, म्हणालो. तीनदा विचारलं. आतून खाटेची कुरकुरसुद्धा आली नाही. तेव्हा मी चपला काढून आत गेलो. हिराबाई बाहेरच्या पायरीवर बसून राहिल्या.

पहिल्या नव्या खोलीत विहिरीवाला माणूस भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून तो उठून उभा राहिला. "तुम्हीच पाठवलंत ना," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, ओळख होती. मी पुढच्या खोलीत गेलो. तिथे सहीवाली बाई जमिनीवर बोटाने काहीतरी गिरवत होती. तीही उठली. प्रत्येक खोलीत एक माणूस होतं आणि प्रत्येक जण मला पाहून उठत होता. त्यांना वाटत होतं, मी उत्तर घेऊन आलो आहे. पुढच्या खोलीत जाण्यासाठी प्रत्येकाच्या अंगाला अंग घासून जावं लागे, इतक्या त्या खोल्या अरुंद होत्या. आठव्या खोलीत माझाच एक जुना विद्यार्थी होता. "सर, पुढचं दार ना?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

अकराव्या खोलीच्या पुढे काकांची मूळची आतली खोली होती. खाट, ट्रंक, खुंटीवर सदरा. काका खाटेच्या कडेवर बसले होते, चष्मा लावून. ते इतके विरळ झाले होते की त्यांच्या मागच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या.

"बसा, बोडस," ते म्हणाले.

मी उभाच राहिलो.

"पहिल्या दिवशी मी दारापर्यंत आलो होतो," काका म्हणाले. "तुम्ही नव्हता."

"दुसऱ्या दिवशी?"

"तेव्हाही आलो. दोन तास उभा होतो. तिसऱ्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत पुरलो नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कुणी विचारलंच नाही तर ‘आहे’ म्हणायचं कुणाला?"

म्हणजे पहिल्या सकाळी ते होते. दुसऱ्याही सकाळी होते. मी गेलो नाही म्हणून ते संपले, ते संपले म्हणून मी जात नव्हतो असं नव्हे. वीस दिवस मी स्वतःला उलटं सांगत आलो होतो. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, पण ते ठेवलं असतं तर कपाळ थेट फरशीला लागलं असतं.

"आता विचारा," ते म्हणाले.

मी खोलीच्या दाराच्या फळीवर टकटक केली. "आहात का?"

त्यांनी चष्मा नीट बसवला, भिंतीला धरून उभे राहिले, माझ्यापर्यंत चार पावलं आले. सात मिनिटं लागली. घसा साफ करून ते म्हणाले, "नाही हो, बोडस."

मग त्यांनी ट्रंक उघडली. ३८० चा डबा तळाला होता. बूड गंजून त्याला भोकं पडली होती. आता हा डब्यातून जायचा नाही, ते म्हणाले, तोंडात धरून न्या. वाटेत बोलू नका. एक शब्द बोललात तर तो त्या शब्दाबरोबर जाईल. मी तोंड उघडलं, त्यांनी डबा उपडा केला. जिभेवर ओवा आणि तपकिरीची चव आली आणि घशाशी काहीतरी खवखवत बसलं. मी ओठ मिटले. काकांकडे पाहिलं तर खाटेवर फक्त चष्मा होता, उघडा, दाराकडे तोंड करून.

परतीच्या वाटेवर बारा खोल्या होत्या. बारावी रिकामी होती, ती माझ्या प्रश्नाची असावी. बाकीच्या अकरा जणांनी मला विचारलं. कुणी म्हणालं मिळालं का, कुणी म्हणालं आमचं कधी. विद्यार्थी म्हणाला, सर, आम्ही थांबू ना? मला माफी मागायची होती. आयुष्यात पहिल्यांदा ती ओठांपर्यंत आली होती आणि तोंड भरलेलं होतं. मी हात जोडले. त्यांनीही उलट हात जोडले आणि आपापल्या जागी बसले, पूर्वीसारखेच वाट बघत.

बाहेरच्या खोलीत पोचलो तेव्हा दारातून सकाळ दिसत होती. एकविसावी. हिराबाई पायरीवर होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे. त्यांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, माझं दार होतं, आणि माझ्या दारात सुलभाताई उभ्या होत्या. हातात खडू.

त्यांनी टकटक केली. "बोडस, आहात का?"

मी उघड्या दारातून त्यांना हात केला. त्या बघत होत्या माझ्या दाराकडे, आणि बघितलं असतं तरी उपयोग नव्हता. ऐकल्याशिवाय चालत नाही.

हिराबाईंनी वळून पाहिलं. मी त्यांना दिसलो. माझं मिटलेलं तोंड दिसलं, फुगलेले गाल दिसले, आणि त्यांना कळलं मी काय आणतो आहे ते. सुलभाताईंना त्या सांगू शकल्या असत्या. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं. ऐकल्याशिवाय दुसऱ्याचं ‘आहे’ त्या म्हणणार नव्हत्या. माझ्यासाठी तर नव्हत्याच, आणि ते बरोबर होतं.

"बोडस, आहात का?"

मी दाराकडे चालू लागलो. सुलभाताई घाई करत नव्हत्या. प्रत्येक वेळी विचारून झाल्यावर त्या कान दाराला लावून उभ्या राहत होत्या, खूप वेळ, माणसाला गुडघे असतात हे लक्षात ठेवून. वीस सकाळी त्या माझ्या दारात अशाच उभ्या राहिल्या होत्या, आणि मी आतून चहाचा कप हातात घेऊन ओरडलो होतो, पुढचेही आहेत. ‘आहे’ हा एक शब्द म्हटला तर माझं घर राहणार होतं, पाटी राहणार होती, शाळा राहणार होती. खोकला तेवढा जाणार होता. घशात तो वळवळत होता.

"बोडस, आहात का?"

मी ओठ दातांखाली धरले.

सुलभाताईंनी कान दारावरून काढला.  मग आपल्या घरी गेल्या. त्यांनी बोट जिभेवर ओलं करून पाटीवरची पहिली ओळ पुसली असणार, कारण मी चालत होतो ती खोली त्याच क्षणी लांबली. दार होतं तिथेच होतं, मी मात्र मागे राहिलो. मग दुसऱ्या कुठल्या घरी कुणी पुसलं, खोली आणखी लांबली. गावभर दारामागे ओली बोटं फिरत होती. दार खिडकीएवढं झालं, मग काडेपेटीएवढं. त्यात हिराबाई हिरव्या ठिपक्याएवढ्या उभ्या होत्या, माझ्याकडे तोंड करून.

माझी पावलं आता तिथवर पुरणार नव्हती. मी थांबलो आणि तोंड उघडलं.

तो माझ्या घशातून दोनदा खोकला, जाड, सावकाश, परक्याच्या दारात उभं राहून खोकावं तसा, आणि खोल्याखोल्यांतून घुमत दारापर्यंत गेला.

दूर, त्या एवढ्याशा उजेडात, हिराबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि वाट देऊन बाजूला झाल्या.